मेल्कचा मठ

ऑस्ट्रियांत डॅन्यूब नदीच्या कांठीं, एका उंच खडकावर, मेल्क येथील बेनेडिक्टाइन मठ उभा आहे. इ. स. १०८९ मध्यें दुसऱ्या लिओपोल्डनें आपला गड या पंथाच्या संन्याशांस दिला. तेव्हांपासून त्यांची वस्ती तेथें अखंड आहे. आज दिसणारी इमारत मात्र अठराव्या शतकांतील होय. बर्थोल्ड डीटमायर या मठाधिपतीच्या प्रेरणेनें याकोब प्रांटाउअर या शिल्पज्ञानें १७०२ सालीं ती आरंभिली, व १७२६ सालीं तो वारल्यावर त्याचा आप्त योसेफ मुंगेनास्ट यानें काम पुढें चालविलें.

बरोक शिल्पावर पोकळ भपक्याचा आरोप नेहमीं होतो, आणि येथील संगमरवरी दिवाणखाना त्यास सकृद्दर्शनीं पुष्टि देतो. दारांच्या चौकटी तेवढ्या खऱ्या दगडाच्या; भिंतींचा संगमरवर गिलाव्याचा. छत जवळजवळ सपाट, पण रंगविलेल्या खांबांमुळें तें उंच भासतें. आणि त्यावर पॉल ट्रोगरनें पॅलस अथेनाचा सिंहांचा रथ मेघांतून हांकला आहे. तथापि एवढ्यावर निकाल देणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. हा दिवाणखाना राजपाहुण्यांसाठीं. त्याच्या समोरच्या अंगास तितक्याच थाटाचें ग्रंथालय. दोहोंस जोडणारा सज्जा, व मध्यें मागें देवालय. राजसत्तेच्या तोडीस विद्येला बसविणें हा निव्वळ भपका नव्हे.

या योजनेची कसोटी पुढें लागली. १७८० नंतरच्या दशकांत सम्राट दुसरा जोसेफ यानें, जे मठ अध्यापन वा रुग्णसेवा करीत नव्हते, ते शेंकड्यांनीं बंद केले. मेल्क वांचलें तें सोनेरी मुलाम्यामुळें नव्हे. तेथील पाठशाळा व विद्वत्ता यांमुळें. १९३८ सालीं नाझी राजवटीनें ती पाठशाळा हिरावली. युद्धानंतर ती परत मिळाली व आजहि चालू आहे.

आमच्या वाचकांस जुन्या गोव्यांतील ऑगस्टीनियन मठाचें स्मरण होईल. पोर्तुगीज सरकारनें उपयुक्त-निरुपयोगी असा भेद न करितां सर्वच पंथ मोडले, आणि १८३५ सालीं तो मठ ओस पडला. १८४२ त देवालयाची कमान कोसळली. १९३१ त दर्शनी भिंत व अर्धा मनोरा ढांसळला. उरला तो जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा. पाऊस दोन्हीकडे पडतो. परंतु मेल्कला गळकें छत पाहणारे डोळे होते, गोव्यास ते राहिले नाहींत. वास्तूचें आयुष्य शिल्पी आंखतो खरें, पण तें पुरवितात तींत राहणारीं माणसें.