दत्ताजींचे उत्तर आणि जखमी शत्रूचा कायदा

आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळात जानेवारीची बैठक आली की बुराडी घाट आणि पानिपत निघतातच. शिंद्यांचे गाव, त्यामुळे विषय घरचा. या वेळी कॉलेजातल्या एका मुलीने वेगळेच विचारले. "काका, दत्ताजींना ज्यानं मारलं त्याच्यावर आज खटला चालला असता का?" मी इंजिनिअर माणूस, वकील नाही. "बघून सांगतो" म्हणालो आणि दोन महिने त्यातच गेले. हा लेख म्हणजे तिला दिलेले उत्तर.

प्रसंग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. १० जानेवारी १७६०. दिल्लीच्या उत्तरेला बुराडी घाटावर नजीबखान रोहिल्याची आणि अब्दालीची फौज यमुना उतरली. दत्ताजी शिंदे गोळी लागून पडले. पुतण्या जनकोजींच्या दंडाला गोळी लागली, त्यांना आपल्या लोकांनी बाहेर काढले. बखर सांगते की नजीबाचा गुरू कुतुबशहा पडलेल्या दत्ताजींपाशी आला आणि आणखी लढणार का, असे त्याने विचारले. वाचलो तर लढू, अशा अर्थाचे उत्तर मिळताच त्याने त्यांचे शिर कापले. संवाद शब्दशः असाच झाला का, हा वाद बाजूला ठेवू. शिर कापून अब्दालीकडे नेले, हे मात्र पक्के.

त्या उत्तरातला बाणेदारपणा आपण अडीचशे वर्षे सांगत आलो. मी या वेळी अडकलो तो कुतुबशहाच्या प्रश्नाशी. त्याच्या बाजूने बघा. हा माणूस बरा झाला तर उद्या पुन्हा आपल्यावर चालून येणार, आणि तसे तो स्वतःच सांगतोय. मग त्याला जिवंत का सोडायचे? जखमी शत्रूच्या कायद्याचे मूळ कोडे हेच आहे.

आपल्याकडे त्याचे उत्तर फार जुने आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात, फार जखमी झालेल्यावर शस्त्र चालवू नये, असे आहे. शांतिपर्वात भीष्म त्याच्याही पुढे जातात. जखमी शत्रूवर आपल्या राज्यात उपचार करावेत किंवा त्याला त्याच्या घरी पोचवावे, आणि बरा झाल्यावर सोडून द्यावे. म्हणजे नियम होता. पण तो पाळायचा कोणी? त्यासाठी ना माणसे नेमलेली होती, ना यंत्रणा.

ती नसली की काय होते ते वर्षभरातच पानिपतावर दिसले. १४ जानेवारी १७६१ ला जनकोजी पुन्हा जखमी होऊन अब्दालीच्या सरदाराच्या, बरखुरदारखानाच्या, हाती लागले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित तेव्हा तिथेच होता. त्याने फारसीत लिहून ठेवलंय की पैसे घेऊन सोडायचे बोलणे चालू होते, पण बातमी फुटली आणि प्रकरण अंगावर येईल म्हणून खानाने त्यांना गुपचूप मारवले. जखमी इब्राहिमखान गारदी शुजाच्या आश्रयाला होता. त्याला अब्दालीच्या वजिराने आपल्याकडे मागून घेतले, आणि काशीराजाच्या म्हणण्याप्रमाणे जखमांना विष लावून तो मारला गेला. त्याच पळापळीत पायावर घाव बसलेले महादजी वाचले ते राणेखान नावाच्या भिस्त्यामुळे. त्याने त्यांना बैलावर घालून दक्षिणेकडे नेले. तिथे राणेखान नसता तर आमच्या ग्वाल्हेरचा इतिहास वेगळाच झाला असता.

कारखान्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. सुरक्षितता ऑपरेटरच्या मूडवर सोडायची नसते, गार्ड मशीनलाच बसवायचा असतो. पानिपतावर जखमीचा जीव कोण भेटतो यावर अवलंबून होता. गार्ड बसवायला सुरुवात झाली ती शंभर वर्षांनी. २४ जून १८५९ ला इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. तिथे हजारो जखमी उघड्यावर पडलेले जिनिव्हाच्या आंरी द्युनां या व्यापाऱ्याने पाहिले आणि १८६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. २२ ऑगस्ट १८६४ ला बारा राज्यांनी जिनिव्हात दहा कलमांच्या करारावर सह्या केल्या. सहावे कलम असे की जखमी कोणत्याही देशाचा असो, त्याला उचलायचे आणि त्याच्यावर उपचार करायचे. त्याबरोबरच डॉक्टर, रुग्णवाहिका, इस्पितळे यांना तटस्थ मानून संरक्षण दिले. माझ्या मते खरा गार्ड हाच.

आणि कुतुबशहाच्या प्रश्नाचे काय? त्याचे सरळ उत्तर १९४९ च्या जिनिव्हा करारांत मिळते. जखमीने शस्त्र चालवणे थांबवले की त्याला मारता येत नाही. उद्या तो काय करीन म्हणतो, याने त्यात फरक पडत नाही. त्याला कैद करा, लढाई संपेपर्यंत ठेवा. फारच जखमी असेल तर बरा करून मायदेशी पाठवा. मात्र असा परत पाठवलेला माणूस पुन्हा लष्करी कामावर घेता येणार नाही, असे तिसऱ्या कराराचे ११७ वे कलम सांगते. म्हणजे दत्ताजींनी बाणेदार उत्तर द्यावे आणि तरीही जिवंत राहावे, अशी ही सोय आहे.

तर मुली, खटला चालला असता का? हो. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. संरक्षित व्यक्तीला जाणूनबुजून मारले तर फाशी किंवा जन्मठेप. गुन्हा भारताबाहेर घडला तरी तो लागू होतो. फक्त सरकारची तक्रार असल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही.

पण मग कुंजपुराही सांगावा लागतो. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांच्या फौजेने ते ठाणे घेतले तेव्हा कुतुबशहा जिवंत हाती लागला. दत्ताजींच्या बदल्यात त्याचे शिर कापले. लहानपणी हे ऐकताना आम्ही टाळ्या वाजवायचो. आजच्या कायद्याने तोही तोच गुन्हा आहे, आणि करणारे आपले होते.

पुढच्या जानेवारीत दत्ताजींची गोष्ट सांगताना ती बुराडीवर थांबवू नये, कुंजपुऱ्यापर्यंत न्यावी, एवढेच मंडळाला सुचवतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तेव्हा बैठकीला नक्की यावे.