तळटीप १४
१४. कबुलीनंतरचे अपील : पार्ल्याचे फौजदारी खटले अंधेरीच्या महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे चालत, अपील हल्ली दिंडोशीच्या सत्र न्यायालयात. फसवणुकीसाठी कचेरीच्या कागदावर साहेबाची खोटी सही ठोकणे हा जुन्या (जून २०२४ पर्यंतच्या) भारतीय दंड संहितेच्या कलम ४६८ खालचा गुन्हा. शिक्षा ७ वर्षांपर्यंत, पण साध्या दंडाधिकाऱ्याची मजल ३ वर्षांपर्यंतच. आरोपीने ‘गुन्हा कबूल’ म्हटले आणि त्यावर शिक्षा झाली की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१९७३) कलम ३७५ नुसार दोषी ठरवण्यावर अपील नाही. शिक्षा किती व कायदेशीर आहे का, एवढेच विचारता येते. म्हणूनच इथे वकीलसाहेब सहीबद्दल चकार शब्द न काढता नुसती महिन्यांची घासाघीस करताना दिसतात. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ मध्ये आहे.