पानगळीच्या वाटेवर : जाम–समुद्रपूर–गिरड–उमरेड

पानांचे रंग पाहण्यासाठी प्रवासाला निघायचे म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर काश्मीरचा चिनार किंवा परदेशातील रंगीत अरण्यांची छायाचित्रे उभी राहतात. ऑक्टोबर महिना लागला की तिकडची पाने पिवळी, केशरी, लाल होतात, हे आपण वाचलेले असते. मग सहजच असे वाटते, की आपल्याकडे हा सोहळा नाही. तो आहे, फक्त त्याचा महिना वेगळा आहे. विदर्भातील पानझडी अरण्यांचे रंग शरदात नव्हे, तर शिशिरात खुलतात. माघ लागला की सुरू होणारे हे रंगांतर चैत्रपालवीपर्यंत चालते. ते पाहण्यासाठी व्याघ्रप्रकल्पाचे तिकीट काढण्याची किंवा महिनाभर आधी नोंदणी करण्याची गरज नाही. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातून जाणारा साधा डांबरी रस्ताही हे दर्शन घडवतो.

नागपूरहून चंद्रपूर किंवा ताडोब्याकडे निघालेली बहुतेक वाहने जामच्या चौकातून भरधाव पुढे जातात. या चौकातून पूर्वेकडे वळणारा रस्ता समुद्रपूरला आणि तेथून गिरडला जातो, याची दखल फारच थोडे प्रवासी घेतात. नागपूर–बुटीबोरी–जाम–समुद्रपूर–गिरड–उमरेड–नागपूर अशी सुमारे पावणेदोनशे किलोमीटरची फेरी एका दिवसात सहज पूर्ण होते.

पाने का गळतात?

थंड प्रदेशात दिवस लहान होणे आणि गारठा वाढणे ही पानगळीची मुख्य कारणे असतात. आपल्याकडे कारण आहे पाणी. पाऊस सरल्यानंतर जमिनीतील ओल हळूहळू आटत जाते. पानांवाटे होणारे बाष्पीभवन झाडाला परवडेनासे होते. तेव्हा झाड पानांतील उपयुक्त द्रव्ये परत घेते. हरितद्रव्याचे विघटन झाले, की आधीपासून पानात असलेली पिवळी द्रव्ये दिसू लागतात. काही जातींत लाल रंगद्रव्य नव्याने तयार होते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर बनतो आणि पान तेथून अलगद सुटते.

यातूनच एक महत्त्वाचा फरक निर्माण होतो. परदेशातील अरण्य एखाद्या पंधरवड्यात एकदम रंगते. आपले अरण्य मात्र झाडागणिक रंगते. माळावरचे झाड आधी पिवळे पडते, नाल्याकाठचे त्याच जातीचे झाड आणखी काही आठवडे हिरवे राहते. पाऊस लवकर संपलेल्या वर्षी सारे वेळापत्रक अलीकडे सरकते. त्यामुळे प्रवासाची तारीख ठरवताना दिनदर्शिकेपेक्षा झाडांची क्रमवारी ध्यानात ठेवणे अधिक उपयोगाचे.

कधी काय पाहाल?

जानेवारीचा उत्तरार्ध : सालई आणि मोवई यांची पाने या सुमारास उतरू लागतात. धावड्याच्या पानांवर तांबूस झाक येते. कांडोळाचे पांढुरके, गुळगुळीत खोड पर्णहीन फांद्यांसह दुरूनही ओळखू येते.

फेब्रुवारी : हा सागाचा महिना. पंख्याएवढी पाने तपकिरी होऊन गळतात. वाऱ्याची झुळूक आली की त्यांचा खडखडाट ऐकू येतो. पर्णहीन काटेसावरीवर याच सुमारास मोठी लाल फुले उमलतात आणि मैना, बुलबुल, कोतवाल यांची तेथे वर्दळ सुरू होते.

फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य : पळसाचा बहर. शेतांच्या धुऱ्यांवर आणि पडीक रानांत केशरी रंगाच्या रांगा दिसतात. एकच फेरी करणे शक्य असेल, तर याच पंधरवड्याची निवड करावी. उरलेली पानगळ आणि ऐन बहर ही दोन्ही एकत्र पाहावयास मिळतात.

मार्चची अखेर ते एप्रिल : मोहाची फुले पहाटे झाडाखाली पडतात. कुसुमाला फुटणारी पालवी लालभडक, तर पिंपळाची तांबूस असते. पानांचा खरा लाल रंग पाहायचा असेल, तर तो आपल्याकडे गळणाऱ्या पानांपेक्षा फुटणाऱ्या पानांत अधिक आढळतो. ऊन मात्र या दिवसांत कडक असते. फिरणे सकाळी दहापूर्वी आटोपावे.

वाटेवरचे थांबे

*समुद्रपूर आणि वायगावची हळद.* जामहून समुद्रपूरकडे वळताच महामार्गाचा गोंगाट मागे पडतो आणि काळ्या मातीची सपाट शेते सुरू होतात. कापसाची अखेरची वेचणी झालेल्या पऱ्हाट्या, हरभरा आणि गहू हे या दिवसांतील दृश्य. याच तालुक्यातील वायगाव (हळद्या) हे गाव हळदीसाठी प्रसिद्ध असून 'वायगाव हळदी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे पीकही एका अर्थाने पानगळीचेच. वरचा पाला पिवळा पडून वाळला, म्हणजे कंद तयार झाले असे समजतात. त्यानंतर खणणी, उकळणे, वाळवणे आणि घासून चकाकी आणणे अशी कामे चालतात. योग्य वेळी गेल्यास अंगणात पसरलेली हळद पाहता येते आणि थेट उत्पादकाकडून विकतही घेता येते. वर्धा–हिंगणघाट मार्गावरील वायगाव (निपाणी) हे गाव निराळे आहे. वाट विचारताना 'हळद्या' हा शब्द विसरू नये.

*गिरडची टेकडी.* समुद्रपूरहून सुमारे वीस किलोमीटरवर गिरड आहे. येथील टेकडीवर शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गा असून हिंदू आणि मुस्लिम भाविक सारख्याच श्रद्धेने येथे येतात. टेकडीच्या परिसरात सुपारी, जायफळ यांच्या आकाराचे गोलसर दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी आख्यायिका सांगितली जाते. भूशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट लाव्हारसापासून बनला. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट वर्गातील खनिजे साठली. भोवतीचा खडक झिजला, की या गोट्या मोकळ्या होतात. आख्यायिका आणि भूशास्त्र दोन्ही ऐकावे. दगड मात्र जागीच राहू द्यावेत. टेकडीवरून भोवतालची शेते आणि त्यांपलीकडची तपकिरी वनराई एकाच नजरेत येते. सकाळचे कोवळे ऊन छायाचित्रणास उत्तम.

*खुर्सापारचे रान.* गिरडच्या परिसरात खुर्सापारचे जंगल आहे. पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या खुर्सापार प्रवेशद्वाराशी याची गल्लत करू नये. येथे सफारी नाही, प्रवेशद्वार नाही. रस्त्याच्या कडेने दिसणारी पानगळ एवढेच येथील आकर्षण आणि तेवढे पुरेसे आहे.

*लाल नाला आणि पोथरा.* तालुक्यात कोऱ्याच्या बाजूला लाल नाला प्रकल्पाचा जलाशय आहे. पोथरा प्रकल्पही याच भागात येतो. पानगळीच्या ऐन काळात रान सुकलेले असते, तेव्हा जलाशयाकाठची हिरवळ अधिकच उठून दिसते. विदर्भातील तलावांवर हिवाळ्यात येणारे चक्रवाक आणि पट्टकादंब यांसारखे पाहुणे पक्षी साधारण मार्चपर्यंत मुक्काम करतात. दुर्बीण सोबत असावी. काठावरील गाळात वाहन उतरवू नये.

*उमरेडची वाट.* गिरडहून उमरेडकडे जाताना पुढे जमिनीखालचा खडकही बदलतो. काळा बेसॉल्ट मागे राहतो आणि कोळसा पोटात बाळगणारे जुने खडक सुरू होतात. उमरेडच्या खाणी त्याची साक्ष देतात. उमरेडहून नागपूर सुमारे ४५ ते ५० किलोमीटर आहे.

हे रान कोणाचे?

समुद्रपूर–गिरडची वनराई नकाशावर लहानशी दिसते. परंतु तिच्या एका बाजूला बोर (अभयारण्य १९७०, व्याघ्रप्रकल्प २०१४), दुसऱ्या बाजूला २०१२ मध्ये घोषित झालेले उमरेड–कऱ्हांडला अभयारण्य आणि दक्षिणेला ताडोबा आहे. या मोठ्या वनांमधून ये-जा करणाऱ्या वाघांना असेच रानाचे तुकडे आधार देतात. 'जय' नावाचा प्रसिद्ध वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून उमरेड–कऱ्हांडल्यात आला होता. २०१६ मध्ये तो बेपत्ता झाला. अशा भ्रमंतीत वाघाला संरक्षित सीमा ठाऊक नसतात. म्हणून गिरड परिसरात वाहनातून उतरून झाडीत शिरू नये आणि सूर्यास्तापूर्वी वनभागातून बाहेर पडावे. शेतात काम करणारे गावकरी ज्या वाटेने जाऊ नका म्हणतील, ती वाट टाळावी.

दुसरा धोका पर्यटकांकडून रानाला आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रात वणव्याचा काळ मानला जातो, आणि नेमका तोच पानगळीच्या सहलीचाही काळ आहे. ज्या पाचोळ्याचे आपण कौतुक करतो, तोच सर्वांत सुलभ जळण आहे. विझवली असे समजून फेकलेली विडी किंवा रस्त्याकडेला मांडलेली चूल तासाभरात टेकडी पेटवू शकते. काही ठिकाणी मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालाही जाळतात; पाला झाडून घेतला किंवा जाळी अंथरली तर ही आग टळते. वणव्यात मोठे झाड बहुधा वाचते. जळतात ती रोपे, जमिनीवरची घरटी आणि पाचोळा कुजून होणारे खत. म्हणजे पुढच्या पिढीचे जंगलच जळते. वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. धूर दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कसे जाल?

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ ने (पूर्वीचा क्रमांक ७) बुटीबोरीमार्गे जाम सुमारे ६५ किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांना हिंगणघाट आणि सेवाग्राम ही स्थानके सोयीची. मुंबई–पुण्याकडील प्रवाशांना समृद्धी महामार्गाने वर्धा जिल्ह्यात उतरता येते.

पहाटे सहाच्या सुमारास नागपूर सोडल्यास नऊपर्यंत गिरडची टेकडी गाठता येते. इंधन, चहा-नाश्ता जाम किंवा समुद्रपूरला घ्यावा. पुढे सोयी विरळ आहेत. पिण्याचे पाणी, टोपी, सुती कपडे आणि कचऱ्यासाठी एक पिशवी सोबत ठेवावी. मुक्काम करायचा असल्यास हिंगणघाट, वर्धा किंवा उमरेड येथे करावा.

शक्य असल्यास ही फेरी दोनदा करावी : एकदा फेब्रुवारीत सागाची पाने गळताना आणि एकदा एप्रिलच्या आरंभी कुसुमाला पालवी फुटताना. जे रान पहिल्या खेपेस वाळून गेल्यासारखे वाटले होते, ते केवळ पाणी राखून बसले होते, हे दुसऱ्या खेपेस ध्यानात येते.