तामडा : एका उपेक्षित रत्नाचा प्रवास

माणकाशेजारी ठेवला की तामडा दुय्यम ठरतो. जवाहिरे त्याची गणना उपरत्नांत करतात. ‘गार्नेट’ हे त्याचे नाव आता अधिक रूढ आहे. परंतु बाजारभावावरून रत्नाचा इतिहास मोजू नये, असे आम्हांस वाटते.

गार्नेट हे एकच खनिज नसून सिलिकेट खनिजांचे कूळ आहे. स्फटिकरचना सर्वांची एकच. घटक बदलले की रंग बदलतो. लोहप्रधान अल्मंडाइन जांभळट तांबडा, मॅग्नेशियमप्रधान पायरोप रक्तवर्णी, तर मँगॅनीजयुक्त स्पेसार्टाइन नारिंगी. नवरत्नांतील मधाळ गोमेद हाही याच कुळातील, कॅल्शियमयुक्त ग्रॉस्युलरचा प्रकार. म्हणजे एक भाऊ नवरत्नांत बसला आणि दुसरा उपरत्नांत राहिला! त्याच ग्रॉस्युलरचा हिरवागार त्साव्होराइट १९६७ मध्ये टांझानियात सापडला. या खड्यांचे काठिण्य साधारण साडेसहा ते साडेसात असून ठरावीक पातळीत दुभंगण्याचा गुण त्यांत नाही.

कोठागुडेम म्हटले की आम्हां हैदराबादकरांना सिंगरेणीचा कोळसा आठवतो. त्याच गावाजवळ गरीबपेट येथे अल्मंडाइनचा साठा आहे. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू या प्राचीन बंदरात गार्नेटचे मणी घडत. तेथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी केलेल्या उत्खननाने रोमशी असलेल्या व्यापारावर प्रकाश पडला. पण मण्यांचा कच्चा माल गरीबपेटचा, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. दोन्हीकडील खड्यांची रासायनिक घडण आणि पोटातील सिलिमनाइटचे सूक्ष्म तंतू जुळले.

भारतीय गार्नेट त्याहूनही दूर गेला. पाचव्या-सहाव्या शतकांत आजच्या फ्रान्समधील फ्रँक सरदारांच्या अलंकारांत सोन्याच्या खणांतून त्याच्या पातळ चकत्या बसवीत. सहाव्या शतकाच्या अखेरीस हा पुरवठा आटला व बोहेमियाचा पायरोप त्याची जागा घेऊ लागला.

यातील एकाही खड्यावर गावाचे नाव कोरलेले नव्हते. मूळ कळले ते पोटातील खुणांवरून. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांती नांदलेल्या आपल्या घराण्यांनी याची नोंद घ्यावी. जुना दागिना मोडताना सोन्याचे वजन होते, खडे मात्र ‘किरकोळ’ म्हणून बाजूला पडतात. मोडण्यापूर्वी ते जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दागिना कोणाचा, कोठून आला, हे दोन ओळींत लिहून ठेवावे. खड्याचे मूळ प्रयोगशाळा सांगेल. घराची हकीकत आपणच लिहिली पाहिजे.