गोदाकाठची कुंभारीण

नाशिकसारख्या गावातील जुन्या वाड्यांत तुळईच्या सांध्यात किंवा दाराच्या चौकटीमागे चिखलाचे घरटे बांधणारी, गांधीलमाशीच्या नात्यातील एकांडी माशी मराठीत कुंभारीण म्हणून ओळखली जाते, आणि गोदावरीच्या खोऱ्यात तिच्याविषयीचे कुतूहल आधुनिक कीटकशास्त्राहून पुष्कळ जुने आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंपैकी शेवटचा गुरू हीच माशी. त्या स्कंधावरील टीका पैठणच्या एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केली. घरट्यात कोंडलेली अळी भयाने माशीचेच ध्यान करीत अखेर माशी होते, हा ‘कीटक-भृंगी न्याय’ कीर्तनांतून घरोघर परिचित झाला. या दृष्टान्तामागची नजर तीक्ष्ण होती, हे मान्य केलेच पाहिजे, कारण माशी अळी आत नेते, तोंड लिंपते आणि काही आठवड्यांनी तेथून माशीच बाहेर पडते, हा क्रम तंतोतंत खरा आहे.

उरलेला उलगडा घरटे फोडून पाहणाऱ्यांनी केला. माशी नांगीने अळीला बधिर करते, मारीत नाही, त्यामुळे ती ताजी राहते आणि अंड्यातून निघालेल्या पिलाचे अन्न होते. काही जाती अळ्यांऐवजी कोळी साठवतात. फ्रान्समध्ये फाब्र याने १८७९ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेत अशा माश्यांचे वर्तन विस्ताराने नोंदवले, तर बिंगहॅमचा भारतीय गांधीलमाश्या व मधमाश्यांवरील ग्रंथ १८९७ मध्ये निघाला. दरम्यान १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वनखाते, जकात आणि लष्करातील हौशी मंडळी आपली निरीक्षणे छापू लागली होती. सामान्य नागरिकांच्या नोंदींतून शास्त्र उभे करण्याची, म्हणजे ‘नागरिक-विज्ञाना’ची, ती येथील आरंभीची वाट होय, जरी तिच्यावर प्रामुख्याने इंग्रज अधिकारीच चालत होते.

आज हे काम कोणत्याही कुटुंबाला साधते, कारण एकांडी माशी वसाहतीतील गांधीलमाश्यांप्रमाणे घरट्यासाठी सहसा अंगावर येत नाही. मुलांनी थोड्या अंतरावरून तिचे छायाचित्र घ्यावे, तिने आत काय नेले ते तारखेसह टिपावे आणि आयनॅचरलिस्टसारख्या सार्वजनिक नोंदसंग्रहात ते घालावे, म्हणजे जाणकारांना जात ओळखता येते. बाहेर पडणारा कीटकही अवश्य टिपावा, कारण कधी कधी तेथून कुंभारीण निघतच नाही, तर तिच्या घरट्यात चोरून अंडे घालणाऱ्या परजीवी माशीचे झळझळीत हिरवे पिलू निघते.