हिस्टामीन आणि मेंदू : एका नावाचा इतिहास

द्रव्यास ज्या प्रसंगी नाव मिळते, त्या प्रसंगाची छाया पुढील विचारावर दीर्घकाळ राहते. हिस्टामीन हे याचे बोधप्रद उदाहरण होय. ऊतकवाचक ग्रीक शब्द या नावाच्या मुळाशी आहे. डेल व लेडलॉ यांनी १९१० साली त्याचे शारीरिक परिणाम वर्णिले. पुढे बोवे व स्टाउब यांनी १९३७ साली पहिले प्रतिहिस्टामीन द्रव्य प्रसिद्ध केले. या वर्गातील औषधे घेणारास झोप येई. परंतु तिची गणना ‘अवांछित परिणामां’त होत असे. याच कुळातील प्रोमेथाझीनच्या संशोधनातून क्लोरप्रोमाझीन निघाले व १९५२ पासून ते मनोविकारांवर वापरात आले.

याच सुमारास काळाचौकी-लालबागच्या गिरणगावास लागून असलेल्या परळमध्ये दुसरा एक धागा विणला जात होता. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. तिच्यातील रिसर्पीन १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. मज्जापेशींतील पुटिकांत संदेशद्रव्ये भरणारे वाहक प्रथिन रिसर्पीनमुळे बंद पडते, आणि डोपामीन, सेरोटोनीन यांच्याप्रमाणे मेंदूतील हिस्टामीनही तेच प्रथिन वाहून नेते, हे नंतर सिद्ध झाले. तथापि रिसर्पीनच्या शामकतेचे सर्व श्रेय हिस्टामीनला देणे युक्त नव्हे.

ब्लॅक यांनी १९७२ साली एच-२ ग्राही निश्चित केला; तो मुख्यतः जठराशी निगडित मानला गेला. १९८३ साली पॅरिस येथे श्वार्त्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूत एच-३ ग्राही दाखविला. हिस्टामीनचा स्राव आवरणारा हा लगामच होय. १९८४ साली अधश्चेतकाच्या पश्चभागी हिस्टामीनयुक्त मज्जापेशी आढळल्या. जागृतीत त्या क्रियाशील असतात, निद्रेत स्तब्ध होतात. एच-१ ग्राही रोधला असता झोप का येते, याचा उलगडा त्यामुळे झाला. एच-३चा लगाम सैल करणारे पिटोलिसंट हे औषध २०१६ साली युरोपात अनावर निद्राविकारासाठी संमत झाले. २०१० साली टूरेट विकाराच्या एका कुटुंबात हिस्टामीन घडविणाऱ्या विकराच्या जनुकात दोष आढळला.

सारांश, ज्यास ‘अवांछित’ म्हटले गेले, तोच मेंदूतील हिस्टामीनच्या कार्याचा पुरावा होता. परिभाषा सिद्ध करताना वस्तूचे वर्णन व आपली गैरसोय यांतील भेद अभ्यासकांनी जपणे अवश्य आहे.