टाकाऊ तबकड्या आणि गाण्यातला जीव

जुन्या तबकड्या जमवणारी माणसं प्रत्येक गावात दोन-चार तरी असतातच. घरचे त्यांना वेडे म्हणतात आणि पाहुणे 'एवढं जमवून करता काय?' असं विचारतात. याच वेडातून इंग्लंडमध्ये एक इतिहास घडला. मूळ मुलखापासून दूर, पिढ्यानपिढ्या वसलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी तो जाणून घ्यावा असा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांना गॉस्पेल म्हणतात. मुख्य गायक एक ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलून धरतात. कीर्तनात बुवा आणि टाळकरी यांचं चालतं, तसंच ते. १९५०च्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक यांच्यासारख्या गायकांनी ही गायकी प्रेमगीतांत आणली. देवासाठी राखलेली आर्तता माणसासाठी वापरली म्हणून धार्मिक मंडळींनी नाकं मुरडली. पण लोकांना ती भिडली आणि या संगीताला पुढे 'सोल', म्हणजे आत्मा, हे नाव पडलं. १९५९ साली, पूर्वी मोटारीच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी यांनी घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइट शहरात कंपनी काढली. तीच पुढे 'मोटाउन' म्हणून गाजली.

मोटाउनचं यश पाहून शहरोशहरी छोट्या कंपन्या निघाल्या. शेकडो गायकांनी सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकड्या काढल्या. त्यांतल्या बहुतेक चालल्या नाहीत. गायक आपापल्या कामधंद्याला लागले आणि उरलेला माल गोदामांत धूळ खात पडला.

या टाकलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळालं ते समुद्रापलीकडे. उत्तर इंग्लंड हा कापडगिरण्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा कामकरी मुलूख. मँचेस्टरच्या 'ट्विस्टेड व्हील' या क्लबात तिथली तरुण पोरं रात्रभर या गाण्यांवर नाचत. अमेरिकेत १९७०च्या सुमारास नवी चाल आली होती, पण या पोरांना १९६५च्या सुमाराची जलद ठेक्याची गाणीच हवी असत. लंडनमध्ये डेव्ह गोडिन यांचं तबकड्यांचं दुकान होतं. उत्तरेकडून फुटबॉलचे सामने बघायला आलेली मुलं तिथे येऊन हीच जुनी गाणी मागतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी या आवडीला 'नॉर्दर्न सोल' असं नाव दिलं.

२३ सप्टेंबर १९७३ रोजी विगन गावी 'कॅसिनो' नावाच्या नृत्यगृहात रात्रीचे कार्यक्रम सुरू झाले. मध्यरात्रीनंतर दोनला दारं उघडायची आणि नाच सकाळी आठपर्यंत चालायचा. दारू मिळत नसे. जागण्यासाठी काही जण गोळ्या घेत, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण बहुतेक जण आठवडाभर यंत्रावर राबून, पिशवीत कपड्यांचा दुसरा जोड घेऊन, निव्वळ गाण्यासाठी येत.

रोज नवं गाणं हवं, पण ते जुनंच हवं, अशी ही अजब मागणी होती. ती पुरवण्यासाठी शौकीन अमेरिकेतली गोदामं धुंडाळू लागले. ग्लोरिया जोन्स यांची अशीच एक विस्मृतीत गेलेली तबकडी १९७३ मध्ये फिलाडेल्फियात सापडली. त्यातलं 'टेंटेड लव्ह' हे गाणं क्लबांतून घुमलं आणि १९८१ मध्ये दुसऱ्याच इंग्रज जोडीच्या आवाजात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. फ्रँक विल्सन यांच्या १९६५च्या एका गाण्याच्या प्रती कंपनीनेच नष्ट केल्या होत्या. वाचलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ साली २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली.

दुर्मीळ गाणं हाती आलं की वाजवणारे त्याच्या लेबलावर कागद चिकटवत आणि गायकाचं खोटंच नाव सांगत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला माग लागू नये. ठेवणीतली बंदिश शिष्यालाही न देणारे आपले जुने उस्ताद इथे आठवतात.

यातूनच वाद पेटला. सोल म्हणजे नेमकं काय? एक पक्ष म्हणे, पाय थिरकवतो तो ठेका. ब्लॅकपूलचे काही लोक ताजी गाणीही वाजवू लागले, तेव्हा जुन्याचे अभिमानी चिडले. स्वतः गोडिन यांचा ओढा मात्र संथ, काळीज पिळवटणाऱ्या गाण्यांकडे होता. उतारवयात त्यांनी अशाच गाण्यांचे संग्रह सिद्ध केले. आणि काहींच्या लेखी तर जी तबकडी कुणाकडेच नाही, तीच श्रेष्ठ!

मला यातला शेवटचा पक्ष अजिबात पटत नाही. तबकडी कमी निघाली हा बाजाराचा हिशेब, त्याने गाण्यात जीव येत नाही. गंमत म्हणजे, लेबल झाकलं की नाव, कंपनी आणि किंमत बाजूला राहून लोकांना फक्त कानाने ठरवावं लागे. उलट, किंमत कळल्यावर गाणं ऐकू येईनासं होतं. शिवाय चोरून काढलेल्या प्रतींचा एक पैसाही मूळ गायकाला मिळत नसे. त्या मानाने शिकागोचे मेजर लान्स सुदैवी म्हणायचे. मायदेशी त्यांचा बहर ओसरला असताना, १९७२ साली इंग्लंडमधल्या 'टॉर्च' क्लबात त्यांना तुडुंब गर्दी लाभली आणि त्या कार्यक्रमाची स्वतंत्र तबकडीही निघाली.

याच काळात एक तबकडी आपल्याही अंगणातून निघाली. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने सोडली. त्यांवरील सोनेरी तबकडीत पृथ्वीवरचं निवडक संगीत आहे. त्यात गोव्यातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. केसरबाईंनी ध्वनिमुद्रणं मोजकीच दिली. ही तबकडीही तेव्हा बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीयाच्या दुकानात ती सापडली. यान सुटल्यावर काही दिवसांतच, १६ सप्टेंबर १९७७ रोजी बाई गेल्या. त्याच सोनेरी तबकडीत ब्लाइंड विली जॉन्सन या अंध, दरिद्री कृष्णवर्णीय गायकाचं १९२७ मधलं गाणं आहे. त्यात शब्दच नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि कण्हणं आहे. भाषा वेगळी, देव वेगळा, घराणं वेगळं, तरी दोन्ही ऐकताना अंगावर काटा येतो. गाणाऱ्याने हातचं काही राखून ठेवलेलं नाही, हे आपल्याला कळतं. गाण्यातला जीव म्हणजे याहून वेगळं काय असणार?

आता आपल्या घरांकडे वळू. कित्येकांच्या माळ्यावर नाट्यपदं, अभंग, भावगीतं यांच्या आजोबांच्या वेळच्या लाखेच्या तबकड्या असतील. माझ्या सरकारी खात्यात निरुपयोगी नस्ती नष्ट करायलाही यादी आणि सही लागते. घरातल्या तबकड्या मात्र दिवाळीच्या साफसफाईत एका दुपारीत भंगारात जातात. त्या ओल्या जागी ठेवू नयेत, आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. गायकाचं नाव, गाणं आणि तबकडीवरचा क्रमांक एका वहीत उतरवावा. आणि मुख्य म्हणजे त्या कपाटात कोंडू नयेत. विगनच्या गिरणी कामगारांनी ती गाणी नुसती जमवली नाहीत, एकत्र येऊन ऐकली, म्हणूनच ती जगली. पुढच्या वर्षी उत्सवातली एक संध्याकाळ आपापल्या घरच्या तबकड्यांसाठी ठेवता येईल का, याचा मंडळाने जरूर विचार करावा.